तीन गाठींची बाटली

डोळे मिटा बघू. मिटले? आता एक विहीर डोळ्यांसमोर आणा, पण पाण्याची नव्हे, कोरडी. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकंच. आणि आत गेलं की पोट मात्र खोलीएवढं. आपल्याकडे असल्या पेवात ज्वारी साठवायचे. राजूरहून भोकरदनकडे जाताना उजव्या हाताला राधाकिसनआबांचं शेत लागतं, तिथल्या पेवात मात्र ज्वारी नव्हती. कडब्याच्या गादीवर काचेच्या पाच बाटल्या आडव्या पडून होत्या, अठरा वर्षं. त्या वेळी आबांच्या नातीचा, रेणुकाचा, जन्मही झालेला नव्हता.

पेवाचं तोंड उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर तोंड उघडं टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील सोडायचा. हे रेणुकाला आबांनी शिकवलं होतं. ती आता दहा वर्षांची झाली होती, म्हणून शुक्रवारी कंदील सोडायचा मान तिला मिळाला. कंदील जळत राहिला. आबांनी स्वतः उतरून एकेक बाटली वर दिली आणि ओसरीतल्या फळीवर पाची ओळीनं मांडल्या.

"डावीकडची पहिली तिसऱ्या सालाची," आबा म्हणाले. "सुग्रीवनं हात लावू दिला न्हाई कधी तिला. म्हणायचा, दादा, ही बोलंल तवा बोलंल."

सुग्रीव म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. दोघा भावांनी मिळून वीस गुंठ्यांवर द्राक्षं लावली, परवाना काढला आणि तीन हंगाम वाइन केली. पुढं ते थांबलं, परवानाही गेला. पण वेली राहिल्या आणि या पाच बाटल्या राहिल्या.

आता या वेलींवरूनच घरात तणातणी चालली होती. आबांचा मुलगा गोरक्षनाथ, म्हणजे रेणुकाचा बाप, म्हणत होता की जुनी बाग उपटून तिथं मोसंबी लावू. आबा म्हणत होते, न्हाई. महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. शेवटी आबांनीच तोड काढली. संभाजीनगरात मुकुंदराव नावाचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. जुन्या वाइनची पारख असलेली त्यांची एक मंडळी होती. त्यांना बोलवायचं आणि तिसऱ्या सालाची बाटली उघडायची. वाइन जिवंत निघाली तर बाग राहील. मेलेली निघाली तर एप्रिल छाटणीच्या आधी आबा स्वतः पहिली कुदळ मारतील.

"एकच बाटली," गोरक्षनाथ म्हणाला होता. "मंग दुसरी उघडा, तिसरी उघडा, असं न्हाई चालायचं."

"एकच," आबा म्हणाले.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीची गर्दी असते, म्हणून पाहुण्यांना त्यानंतरचा रविवार दिला. आणि शनिवारी दुपारी ती गोष्ट घडली.

गोपिकाआजी म्हणाली, "रेणुका, त्या बाटल्यांवर बोटभर धूळ हाय. पाहुण्यांपुढं अशा ठेवायच्या का? जरा फडक्यानं पूस."

रेणुकानं पुसल्या, पण धूळ जाईना. मग तिनं आजीला समई घासताना पाहिलं होतं तसंच केलं. घमेल्यात पाणी घेतलं, राख घेतली, चिंचेचा कोळ घेतला, आणि पाची बाटल्या त्यात बुडवून चांगल्या खसाखसा घासल्या. उलट्या केल्या, सुलट्या केल्या, हलवल्या. बाटल्यांवरचे कागद पाण्यात सुटून लगदा झाले. गळ्याशी लाखेचे काही उंचवटे होते, ते तेवढे निघेनात. शेवटी बाटल्या अशा लखलखल्या की तिचं तिलाच कौतुक वाटलं. तिनं त्या फळीवर उभ्या मांडल्या, डौलदार दिसाव्यात म्हणून उंच आधी, बुटक्या नंतर.

संध्याकाळी आबा आले आणि फळीपुढं उभे राहिले.

"कागद सुटले व्हय?"

"पाण्यानं सुटले, आबा."

"सुटू दे. ओळ बराबर तीच हाय ना?"

रेणुकानं फळीकडं पाहिलं. कोणती कुठं होती हे तिला आठवत नव्हतं. आबांच्या आवाजात राग असता तर तिनं खरं सांगितलं असतं कदाचित. पण तिथं राग नव्हता, नुसती काळजी होती.

"व्हय, तीच हाय," ती म्हणाली.

रात्री तिला भाकर गेली नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला पाहुण्यांची गाडी आली. मुकुंदराव, त्यांच्या पत्नी शैलाताई आणि अवधूत नावाचा तरुण दंतवैद्य. ग्लासांची पेटी त्यांनी बाळाला धरावी तशी धरून आणली.

"आमची ही भिशीच आहे समजा," शैलाताई आजीला म्हणाल्या. "महिन्यातून एकदा जमायचं आणि कुणीतरी एक जुनी बाटली आणायची. फरक इतकाच, की भिशीत भांडणं कमी होतात."

"भांडनं कशापायी?"

"हे म्हणतात अक्रोडाचा वास आला, मी म्हणते अंजिराचा. घरी पोचेपर्यंत तेच."

अवधूतनंही एक बाटली आणली होती, पोर्तुगाल देशातली, सदतीस वर्षांची. यजमानांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही हा त्यांच्या मंडळीचा रिवाज. ती आधी उघडली. मुकुंदरावांनी रेणुकाला जवळ बोलावलं.

"तुला प्यायची नाही, पण बघायला आणि हुंगायला वयाची अट नाही. ग्लास असा तिरका धर, मागं पांढरा रुमाल. कडेचा रंग कसा दिसतो?"

"विटकरीवानी."

"शाबास. वय झालं की लाल रंग विटकरी होतो. आता हलकेच फिरव आणि नाक आत घाल. घाई करायची नाही. कशाचा वास आहे ते तूच सांग, मी सांगणार नाही."

रेणुकानं नाक घातलं. "भाजलेल्या शेंगदाण्याचा. आन् गुळाचा."

"अक्रोड," मुकुंदराव म्हणाले.

"शेंगदाणे," शैलाताई म्हणाल्या. "पोरीचं नाक तुमच्यापेक्षा बरं आहे."

मग तिघांनी एकेक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बाजूच्या बादलीत थुंकून दिला. आजीनं पदर तोंडाला लावला.

"सदतीस वर्सं सांभाळली, आन् थुंकली?"

"चव कळली की काम झालं, आजी," अवधूत म्हणाला. "सगळी प्यायलो तर दुसरीची चव कळत नाही."

"मंग आमच्या घरात तंबाखू थुंकनारे काय कमी होते," आजी म्हणाली. "त्यांना कुनी ग्लास देला न्हाई." गोरक्षनाथसुद्धा हसला.

आता पाळी आली आबांची. त्यांनी डावीकडची पहिली बाटली दोन्ही हातांनी उचलून मुकुंदरावांपुढं ठेवली. माजघराच्या दारात सत्यशीला येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर, अर्धी दाराआड. ती सुग्रीवची बायको, रेणुकाची धाकली आजी. थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही हे वळण तिनं लग्नापासून पाळलेलं. पस्तीस वर्षांत ती आबांशी एक शब्द थेट बोललेली नव्हती. मीठ हवं असलं तरी "अक्का, त्यांना इचारा" असं आजीमार्फत चालायचं.

बूच निघालं. मुकुंदरावांनी थोडी ओतली. ती गढूळ होती, ओढ्याच्या पाण्यासारखी. त्यांनी हुंगलं, घोट घेतला, थुंकला. शैलाताईंनी घेतला. अवधूतनं घेतला. तसा वास रेणुकापर्यंत आपोआपच आला होता. आजी कैरीच्या लोणच्याची जुनी बरणी उघडते तेव्हा नाकात चढतो तसा.

"राधाकिसनराव," मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले, "हिचा सिरका झालाय. मला फार वाईट वाटतंय."

आबांनी ग्लास घेतला, हुंगला आणि खाली ठेवला. "चला," ते म्हणाले. "इचारलं, उत्तर भेटलं."

गोरक्षनाथ जिंकला होता. पण त्याचा चेहरा जिंकलेल्यासारखा नव्हता. बापाला तोही दादाच म्हणायचा. "दादा, मी काय खुशीनं म्हणून राह्यलो का? ती बाग कोण छाटतं, तुम्ही का मी? काकू छाटती. दिवसभर हात वर करून. काकूचा खांदा पाह्यला का तुम्ही? चोळायला लागतो रोज, तवा झोप येती तिला. तुम्हाला कोण सांगणार? ती तर तुमच्याशी बोलतबी न्हाई."

आबांनी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

रेणुका मागच्या दारानं निघाली. मांडवाखाली धाकली आजी एका वेलीच्या खोडाशी बसली होती. डोक्यावर द्राक्षांचे घड लोंबत होते, मण्यांत आता पाणी भरायला लागलं होतं.

"काऊन आलीस?"

"धाकले आजी, माझ्यामुळं झालं." एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं: राख, चिंच, उंच-बुटक्या. "आबांनी इचारलं ओळ तीच हाय का, तर मी व्हय म्हणले. तीच नव्हती."

सत्यशीला रागावली नाही. तिनं वेलीची सुटलेली साल बोटानं सोलली.

"तुला काय वाटतं, तुझा धाकला आबा कागदावर भरोसा ठेवनारा होता? बापजाद्यांनी मेंढरं राखली आमच्यात. मेंढराला कागद चिकटवतं का कुनी? खूण करतात, गाठ बांधतात. बाटल्यांच्या गळ्याला लोकरीचा दोरा हाय, वरून लाख. पहिल्या सालाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. दोरा मीच वळला, गाठी मीच मारल्या."

"मंग सांगितलं काऊन न्हाई?"

"कुनाला? ज्यांना सांगायचं त्यांच्याशी मी बोलत न्हाई, आन् त्यांनी तर कधी कुनाकरवीबी इचारलं न्हाई." तिनं हातातली साल खाली टाकली. "आन् खरं सांगू? मला वाटलं, जाऊ दे. बाग गेली तर खांद्याला आराम."

"मंग आता?"

सत्यशीला वर बघत राहिली. "इतकी वर्सं पेवात पडून राहिली ती बाटली. तिला न इचारता कुदळ मारली तर वर गेल्यावर ह्यांना काय सांगू?" मग तिनं रेणुकाच्या पाठीवर हात ठेवला. "जाय. गाठींचं मी सांगितलं म्हण. पन ओळीचं तुझं तू सांग. ते माझ्या तोंडून बरं दिसनार न्हाई."

मांडव ते ओसरी पन्नास पावलं असतील. त्या दिवशी ती रेणुकाला राजूरपेक्षा लांब वाटली. पाहुणे ग्लास पुसून पेटीत भरत होते. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, ओळ तीच नव्हती. मी खोटं बोलले."

ग्लास पुसणारे हात थांबले. गोरक्षनाथ उठला, तसा आबांनी हात वर करून त्याला बसवलं.

"कशी मांडल्ती?"

"उंच आधी, बुटक्या नंतर. चांगलं दिसावं म्हणून."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. "काल सांगितलं असतं तर मी एक दिवस कमी झुरलो असतो," ते म्हणाले. "तूबी. जेवली न्हाईस ना काल?"

तिनं मान हलवली. मग गाठींचं सांगितलं. आबा ऐकत राहिले आणि त्यांची नजर हळूहळू माजघराच्या दाराकडं वळली. तिथं पदराचा काठ पुन्हा दिसत होता.

"सत्यशीलानं वळला दोरा?"

"व्हय. पहिल्यापासून तीच."

"दादा, एकच बाटली ठरल्ती," गोरक्षनाथ म्हणाला.

"ठरल्ती. तू म्हणशील तर तसंच."

गोरक्षनाथ फळीकडं बघत उभा राहिला. दारातून आवाज आला, आजीला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा: "अक्का, गोरखला म्हनावं, माझ्यासाठी भांडला ते बराबर केलं. पन ठरल्ती ती तिसऱ्या सालाची. ती अजून उघडलीच न्हाई."

गोरक्षनाथनं डोकं खाजवलं. "काकू तिकडं गेल्यावर मी कुणाकडून बोलू," असं काहीसं पुटपुटला आणि स्वतःच फळीपाशी जाऊन एकेका बाटलीच्या गळ्यावरून अंगठा फिरवू लागला. दोन. एक. दोन. शेवटची, सगळ्यात बुटकी. अंगठा तीनदा अडला.

मुकुंदरावांनी ती उजेडात धरली आणि उसासा सोडला. "हिच्यातला सगळा गाळ हलवलाय आमच्या मैत्रिणीनं. आत्ता उघडली तर कडूजहर लागेल. हिला उभी ठेवा, हलवू नका, थंडाव्यात. पाच वाजेपर्यंत थांबू. पूर्ण बसणार नाही, पण वरची तरी निवळेल."

"तुम्हाला चारला निघायचं व्हतं ना?" आजीनं विचारलं.

"अठरा वर्षं ती थांबली, आम्हाला तासभर थांबायला काय होतंय," शैलाताई म्हणाल्या. आजीनं लगेच चुलीवर तवा टाकला. बाजरीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. अवधूतनं ठेचा खाल्ला आणि बराच वेळ नुसता डोळे पुसत बसला. आजी म्हणाली, याला थुंकायला बादली द्या. रेणुका त्या दिवशी तीन भाकरी जेवली.

पाच वाजता बूच निघालं. ते भिजून काळं झालेलं होतं, तुटलं नाही. मुकुंदरावांनी बाटलीच्या गळ्यामागं मोबाईलचा उजेड धरला आणि इतकं सावकाश ओतलं की रेणुकाला श्वास रोखावा लागला. गाळ गळ्याशी येताना दिसला, तसा त्यांनी हात थांबवला. पाच ग्लासांत दोन-दोन बोटं आली. बाकी बाटलीतच राहिली.

कुणी थुंकलं नाही.

मुकुंदरावांनी ग्लास पुन्हा नाकाला लावला; या वेळी शैलाताईंनीही वाद घातला नाही. शेवटी ते म्हणाले, "ही जिवंत आहे. थकलेली आहे, पण जिवंत आहे. अर्ध्या तासानं राहणार नाही. आत्ताच भेटून घ्या."

आबांनी आपला ग्लास रेणुकाच्या नाकापाशी धरला. तिनं डोळे मिटले. मनुका होत्या. काळी माती होती, पाणी दिल्यावरची. आणि तळाशी आणखी काहीतरी, उबदार.

"घोंगडी," ती म्हणाली. "उन्हात वाळत घातलेली."

दारातला पदर हलला. आबा उठले, ग्लास घेऊन दारापाशी गेले आणि उंबऱ्यावर ठेवून मागं सरले. सत्यशीला वाकली. तिनं तो उचलून नाकाला लावला, तसाच धरून राहिली. प्यायली नाही. गोरक्षनाथनं आपल्या ग्लासातला शेवटचा घोट घेतला आणि रिकाम्या ग्लासाकडं बघत म्हणाला, "दादा, मी शब्द फिरवत न्हाई. बाग राहू दे. पन छाटणार कोण?"

आबांची नजर अधू झालेली, गोरक्षनाथ दिवसभर खालच्या रानात.

सत्यशीलानं ग्लास उंबऱ्यावर ठेवला. "भावजी," ती म्हणाली.

आजीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पस्तीस वर्षांत हा शब्द या घरात असा समोरासमोर उच्चारला गेला नव्हता.

"भावजी, मला आता हात वर करून उभं राहवत न्हाई. काडीवरचा कोनता डोळा ठेवायचा, कोनता काढायचा, ते मी खाली बसून सांगीन. रोज सांगीन. पन कात्री दुसऱ्या कुनीतरी धरायला पाहिजे."

"धरू," आबा म्हणाले. "बसून सांग तू. कुनीतरी धरंल." पण कोण? मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली.

रेणुका ओसरीवरून उतरली. गोठ्यापाशी द्राक्षं भरायचं प्लॅस्टिकचं कॅरेट पडलं होतं, ते तिनं ओढत ओढत मांडवाखाली नेलं, धाकल्या आजीच्या त्या वेलीपाशी पालथं घातलं, वर चढली, टाचा उचलल्या आणि हात वर केला. बोटांना मांडवाची तार लागली.